काच, कॅमेरा आणि टक्केवारी

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत ‘जीटी मारणे’ हा शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन बाकांच्या मध्ये काच टाकायची, खाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची पुरी झालेली ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी. सबमिशनच्या आदल्या रात्री एका काचेवर अख्खी खोली पार पडत असे. सकाळी त्या शीटवर सही करणाऱ्या मास्तरांपैकी कित्येकांनी आपल्या दिवसांत अशीच काच धरलेली असणार.

एआयच्या काळात ही आठवण भाबडी वाटेल, पण तिच्यातल्या दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. हाताशी असेल ते तंत्र नकलेच्या मदतीला नेहमीच आले आहे, ही पहिली. जीटी मारणाऱ्याला आपण चोरी करतो आहोत असे वाटतच नसे, हमालीतून सुटतो आहोत असे वाटे, ही दुसरी. गेल्या दोन दशकांत नकलेविरुद्धही तंत्रज्ञानच उभे करण्यात आले: परीक्षा केंद्रांवर कॅमेरे, प्रबंधांसाठी साम्य मोजणारी सॉफ्टवेअर, घरबसल्या परीक्षेसाठी दूरस्थ पर्यवेक्षण आणि अलीकडे एआयचे लेखन ओळखण्याचा दावा करणारी साधने. या साऱ्यांकडून दोन अपेक्षा असतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या जातात. लबाडी पकडावी ही एक, विद्यार्थी प्रामाणिक व्हावा ही दुसरी. पहिलीविषयी बऱ्यापैकी पुरावा जमा झाला आहे. दुसरीविषयी फार थोडा आहे, पण जो आहे तो लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे.

परीक्षेच्या खोलीत

विद्यापीठ आणि मंडळाच्या परीक्षांतले गैरप्रकार रोखणारा कायदा महाराष्ट्रात १९८२ पासून आहे. अंमलबजावणीची भिस्त मात्र माणसांवर राहिली: पर्यवेक्षक, केंद्रसंचालक, बैठे पथक, भरारी पथक. २०१० च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्हा प्रशासनाला कामाला लावून कॉपीमुक्तीची मोहीम राबवली आणि तिची राज्यभर चर्चा झाली, तीही मुख्यतः माणसांच्या बळावर. मोबाइल आला तो आधी कॉपीच्या बाजूने. प्रश्नपत्रिका वाचून घेण्यासाठी परीक्षेआधी दहा मिनिटे देण्याची सवलत होती; त्या दहा मिनिटांत पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले. २०२३ मध्ये मंडळाने ती सवलत बंद केली आणि दहा मिनिटे परीक्षेच्या शेवटी जोडून दिली. या उपायाला एक पैसाही लागला नाही. २०२५ च्या दहावी-बारावीच्या परीक्षांना संवेदनशील केंद्रांसाठी ड्रोन आणि चित्रीकरण आले.

कॅमेऱ्यामुळे नेमके काय होते, याचा नीट केलेला अभ्यास रुमानियातला आहे. तिथे शालान्त परीक्षेत लाच आणि सामूहिक कॉपी बोकाळल्यावर २०११ च्या सुमारास केंद्रांवर कॅमेरे बसवले गेले आणि शिक्षाही कडक झाल्या. बोर्कान, लिंडाल आणि मित्रुट या तीन अर्थशास्त्रज्ञांचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळत आणि शिक्षा एकत्र आल्यावर गैरप्रकार खरोखर घटले. पण गरीब आणि सुस्थितीतल्या मुलांच्या गुणांमधले अंतर वाढले, आणि नामवंत विद्यापीठांत जागा मिळण्याची गरीब मुलांची शक्यता कमी झाली. कॉपी थांबली की गुणवत्तेला न्याय मिळतो, असे आपण गृहीत धरतो. रुमानियाचे आकडे सांगतात की खालच्या वर्गात शिकवलेच गेले नसेल, तर कॅमेरा ती उणीव फक्त उघडी पाडतो.

इंडोनेशियाची हकिकत याहून वेगळ्या वळणाने जाते. तिथे २०१५ पासून राष्ट्रीय शालेय परीक्षा टप्प्याटप्प्याने संगणकावर नेली. प्रश्न मोठ्या प्रश्नपेढीतून निघू लागले, त्यामुळे फुटलेल्या उत्तरसूचीचा उपयोग राहिला नाही. ज्या शाळा संगणकावर गेल्या त्यांचे गुण धाडकन खाली आले, यात नवल नाही. नवल पुढचे आहे: दोनेक वर्षांत ते पुन्हा चढू लागले. अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला की आडवाट बंद झाल्यावर शाळा आणि मुले सरळ वाटेने अभ्यासाकडे वळली. पकडण्याच्या यंत्रणेतून प्रयत्न वाढल्याचा पुरावा क्वचितच मिळतो. हा त्यांपैकी एक, म्हणून तो महत्त्वाचा.

आपल्याकडचा एक निष्कर्ष या चर्चेत हटकून विसरला जातो. अर्थशास्त्रज्ञ अभिजित सिंग यांनी आंध्र प्रदेशात शाळेतल्या कागदी चाचणीची टॅबलेटवरच्या चाचणीशी तुलना केली. कागदावरचे गुण फुगलेले निघाले, टॅबलेटवर ती फुगवट बरीच ओसरली. कागदी चाचणी घेणारे आणि तपासणारे शाळेचेच लोक होते. म्हणजे इथली लबाडी मुलांच्या नावावर लिहिता येत नाही. आपल्या राज्यातल्या शिक्षक पात्रता परीक्षेचेही तसेच. २०१९-२० च्या परीक्षेतले गुण नंतर फिरवल्याचे २०२१ मध्ये उघडकीला आले आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. तिथे यंत्रणा संगणकाचीच होती, ती चालवणारे हात बिघडले होते. २०२४ च्या जूनमध्ये अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याचा रोखही पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आणि संस्थांवर आहे, परीक्षार्थींवर नाही.

घरच्या खोलीत

करोनाच्या दोन वर्षांत परीक्षा घरी आली आणि तिच्यामागून कॅमेराही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह अनेक विद्यापीठांनी २०२१ मध्ये पर्यवेक्षणासह ऑनलाइन परीक्षा घेतल्या. नजर हलली, दुसरा चेहरा दिसला, खिडकी बदलली की सॉफ्टवेअर नोंद करते. बाजूने बोलणारे म्हणतात की पर्यवेक्षकाशिवायची परीक्षा ही परीक्षाच नव्हे, आणि नुसत्या धाकानेही बरेच जण आवरतात. विरोधातले म्हणणे घरापासून सुरू होते: ज्या मुलीला स्वतंत्र खोलीच नाही, तिच्या मागून आई गेली की ‘दुसरा चेहरा’ दिसतो. नेट गेले की संशय, लहान भाऊ रडला की संशय.

अमेरिकेत ओहायोतल्या संघराज्य न्यायालयाने २०२२ मध्ये क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या खटल्यात, परीक्षेआधी विद्यार्थ्याच्या खोलीचे कॅमेऱ्याने चित्रण करवून घेणे म्हणजे घटनेने नाकारलेली झडती, असा निर्णय दिला. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वैयक्तिक विदेविषयीचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यावर निर्बंध घालतो, पण सवलतीची वाटही ठेवतो. आता परीक्षा पुन्हा वर्गात परतल्याने हा वाद थंडावला आहे, इतकेच.

प्रबंध आणि टक्केवारी

वाङ्मयचौर्याच्या प्रश्नात भारताने घेतलेला सर्वांत स्पष्ट पवित्रा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत आहे. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० दरम्यान असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचे. ४० ते ६० असेल तर एक वर्ष सादर करण्यास मनाई, आणि ६० च्या वर गेले की नोंदणी रद्द. अवतरणे, संदर्भसूची, सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य ज्ञान मोजणीतून वगळायचे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरचे प्रबंध आणले होतेच. २०१९ मध्ये ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना साम्यशोधक सॉफ्टवेअर मिळू लागले, आधी स्वीडनमधले उरकुंड, पुढे बंगळूरचे ड्रिलबिट.

हे चालवणारे बहुधा ग्रंथपाल असतात आणि त्यांची बाजू ऐकण्यासारखी आहे. आधी हा प्रश्न विचारलाच जात नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रबंधातली प्रकरणे जशीच्या तशी उतरवून पदव्या घेतल्याच्या गोष्टी विभागाविभागांत कुजबुजीने सांगितल्या जात. आता निदान एक पायरी अशी आहे की जिथे कोणी तरी पाहतो. टीकाकारांचे म्हणणे असे की सॉफ्टवेअर चोरी मोजत नाही, साम्य मोजते. कायद्याचे कलम उद्धृत करणाऱ्या प्रामाणिक विद्यार्थ्याची टक्केवारी चढते आणि दुसऱ्याची संपूर्ण मांडणी आपल्या शब्दांत पळवणाऱ्याची शून्यावर राहते. दोन्ही म्हणणी खरी आहेत, हीच अडचण आहे. मार्गदर्शक म्हणून काम करणाऱ्यांना नियम आल्यापासून एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो: “सर, किती टक्के चालतं?” प्रश्न नियमाला धरूनच आहे. त्याच्याच जोरावर टायपिंग-बायंडिंगच्या दुकानांत टक्केवारी ‘खाली आणून देण्याचा’ नवा धंदा उभा राहिला.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी या प्रकरणाला एक वेगळाच पदर आहे आणि त्याची चर्चा फारशी झालेली नाही. आपल्या विद्यापीठांतले जुने मराठी प्रबंध श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलेले आहेत. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन चिन्हे. सॉफ्टवेअरने मजकूर वाचायला घेतला की हाती निरर्थक अक्षरांचा ढीग येतो. कित्येक प्रबंध तर पानांचे स्कॅन म्हणून चढवलेले आहेत, म्हणजे यंत्राच्या लेखी ती नुसती चित्रे. अशा प्रबंधातला मजकूर कोणी युनिकोडमध्ये पुन्हा टंकून आपला म्हणून दिला, तर अहवाल स्वच्छ येतो. युनिकोडमध्येही घोळ संपत नाही. ‘ऱ्या’ दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो, ‘ॲ’ आणि ‘अ‍ॅ’ दिसायला जवळजवळ सारखे आणि आतून वेगळे. कळफलक बदलला की शब्द बदलला, असे यंत्र समजते.

चौदा शब्दांची सवलतही इंग्रजीच्या मापाने शिवलेली आहे. ‘विद्यापीठाच्या ग्रंथालयामध्ये’ हे मराठीत दोन शब्द झाले, इंग्रजीत तेच सांगायला सहा लागतात. म्हणजे मराठीतल्या सलग चौदा शब्दांत बरेच अधिक मावते. उलट, विभक्तिप्रत्यय बदलून आणि शब्दांची जागा हलवून साम्य मोडणे मराठीत सोपे आहे, कारण शब्दक्रम आपल्याकडे लवचीक. आणि सर्वांत मोठी पळवाट भाषांतराची. इंग्रजी ग्रंथातले प्रकरण मराठीत आणले की ते मूळ लेखन ठरते, असा समज आपल्या अकादमिक जगात सॉफ्टवेअरच्या पुष्कळ आधीपासून आहे. भाषांतरित साम्य शोधण्याची सोय आता काही साधनांत आली आहे, भारतीय भाषांसाठीचे दावेही केले जातात. मराठीत ती किती खरी उतरते याची जाहीर, स्वतंत्र चाचणी झाल्याशिवाय तिच्यावर कोणाची पदवी टांगणे घाईचे होईल.

एआयने बदललेला खेळ

२०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आले आणि साम्य मोजण्याची सारी कल्पनाच अपुरी पडली. त्याने लिहिलेला मजकूर कुठूनही उतरवलेला नसतो. मग एआयचे लेखन ओळखणारे शोधक आले. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये आपला शोधक काढला आणि जुलैत मागे घेतला. त्याला एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी सुमारे चौथा हिस्साच ओळखता येत होता, आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर तो खोटा आळ घेत होता. साम्यशोधक सॉफ्टवेअर विकणाऱ्या टर्निटिन कंपनीचा शोधक एप्रिल २०२३ मध्ये आला. चुकीच्या आळाचे प्रमाण १ टक्क्याहून कमी असल्याचा कंपनीचा दावा होता. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हिशेब केला. आदल्या वर्षी त्यांनी ७५,००० निबंध टर्निटिनमधून काढले होते. एक टक्का म्हणजे साडेसातशे निबंधांवर खोटा आरोप. ऑगस्टमध्ये त्यांनी ती सोय बंद केली.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या जेम्स झोऊ आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ टोफेल निबंध सात शोधकांना दिले. सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक वेळा शोधकांनी ते एआयने लिहिले असे सांगितले. अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांवर हीच साधने जवळजवळ अचूक होती. कारण साधे आहे: पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, यावर यंत्र निवाडा करते. ज्याचा शब्दसंग्रह मोजका, तो अपेक्षित शब्द वापरतो. मराठी माध्यमातून येऊन पदव्युत्तर वर्गात प्रथमच इंग्रजीत लिहिणारा विद्यार्थी नेमका असाच लिहितो.

भारतात हा प्रश्न न्यायालयातही गेला. हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठाने विधिशाखेच्या विद्यार्थ्याला, उत्तरे एआयने लिहिल्याचा ठपका ठेवून अनुत्तीर्ण केले. २०२४ मध्ये त्याने पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात धाव घेतली. सुनावणीदरम्यान विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकाली निघाली. त्यामुळे शोधकाचा अहवाल पुरावा म्हणून किती ग्राह्य, हे ठरायचे राहूनच गेले.

आज तीन भूमिका दिसतात. काहींच्या मते शोधक दोषपूर्ण असले तरी संभाषणाला निमित्त म्हणून उपयोगी आहेत. खूण दिसली की विद्यार्थ्याला बोलवावे, विचारावे. दुसऱ्यांना हा मार्ग बंदच करावासा वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या उच्चशिक्षण नियामकाने २०२५ मध्ये एआयचा वापर खात्रीने ओळखणे जवळजवळ अशक्य असल्याचे सांगून मूल्यमापनच बदलण्यावर भर दिला. सिडनी विद्यापीठाने त्याआधीच दोन मार्ग आखले होते: काही चाचण्या देखरेखीखाली, बाकीच्यांत एआय खुला. तिसरी भूमिका आपल्या स्टाफरूममध्ये ऐकू येते आणि तिला कोणी सिद्धान्त म्हणत नाही: तोंडी घ्या. पाच मिनिटांत कळते. साठ मुलांच्या तुकडीला पाच तास लागतात, हे मात्र वेळापत्रक करणाऱ्याला विचारावे.

प्रामाणिकपणा वाढतो का?

या दिशेने जुने काम संशोधक डोनल्ड मकेब यांचे. ज्या अमेरिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनी पाळायची प्रामाणिकपणाची संहिता जिवंत होती, तिथे कॉपीची कबुली कमी आढळली. पुढे वर्तनअर्थशास्त्रज्ञांनी सोपी युक्ती सुचवली: फॉर्मच्या तळाला सही घेण्याऐवजी माथ्यावर घ्या, माणूस खरे लिहितो. २०१२ चा तो शोधनिबंध फार गाजला. २०२० मध्ये त्याच लेखकांना तो परिणाम पुन्हा दाखवता आला नाही, आणि २०२१ मध्ये त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारीच बनावट असल्याचे उघड झाल्यावर निबंध मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनाच्या वाट्याला हे यावे! ऑनलाइन परीक्षेच्या पहिल्या पडद्यावर जी प्रतिज्ञेची चौकट टिचकी मारून ओलांडतात, तिचा आधार इतका नाजूक आहे.

टिकून राहिलेला प्रयोग टॉमस डी आणि ब्रायन जेकब यांचा आहे. अमेरिकेतल्या एका महाविद्यालयात त्यांनी काही विद्यार्थ्यांना निबंध सादर करण्याआधी एक छोटा ऑनलाइन पाठ दिला: उसने घेणे म्हणजे काय, संदर्भ कसा द्यायचा, आपल्या शब्दांत मांडणे कशाला म्हणतात. बाकीच्यांना तो दिला नाही. नंतर सगळे निबंध साम्यशोधकातून काढले. पाठ घेतलेल्यांत वाङ्मयचौर्य ठळकपणे कमी होते, आणि प्रवेशपरीक्षेत कमी गुण असलेल्यांत फरक सर्वाधिक. पाठोपाठच्या पाहणीवरून दिसले की पकडले जाण्याची भीती वाढलेली नव्हती. कळत नव्हते ते कळले होते. माझ्या दृष्टीने या क्षेत्रातला हा सर्वांत बोलका निष्कर्ष आहे. तो एआयच्या आधीचा आहे आणि तो एकाच निवडक महाविद्यालयातला आहे, एवढी मर्यादा लक्षात ठेवायला हवी. एआयकडून लिहून घेणाऱ्याला आपण काय करतो ते ठाऊक असते. तिथे अज्ञान दूर करून किती साधेल, हे कोणी दाखवलेले नाही.

आयोगाने डिसेंबर २०१९ मध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशनाच्या नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. पण जर्नल उतरवण्याची सवय त्याच्या आठ-दहा वर्षे आधी लागलेली असते, अकरावीच्या प्रयोगवहीपासून. त्या वयासाठी मराठीत संदर्भ देण्याचा सराव करून घेणारे साधन हाताशी नाही. आयआयटी मुंबईने ‘सेफ’ नावाची प्रणाली तयार केली, तीत वर्गातच स्वतःच्या फोनवर छोट्या चाचण्या होतात आणि तेवढा वेळ फोनचे बाकी दरवाजे बंद राहतात. एकाच मोठ्या परीक्षेचा ताण अनेक छोट्या चाचण्यांत वाटला की कॉपीचा मोह घटतो, हा त्यामागचा तर्क पटण्याजोगा आहे. ज्या महाविद्यालयांत तुकडीला शंभर मुले आणि वायफाय कार्यालयापुरते, तिथे तो आजमावला जायचा आहे.

सध्या सर्वाधिक आशा लेखनाच्या इतिहासावर आहे. गूगल डॉक्समध्ये प्रत्येक खाडाखोड साठून राहते. २०२४ पासून ग्रॅमरलीसारख्या कंपन्या कोणता भाग टंकला, कोणता चिकटवला याचा दाखला देऊ लागल्या आहेत. विद्यार्थ्याने तो स्वतःहून पुढे केला तर तो त्याच्या बाजूचा साक्षीदार होतो, संस्थेने मागितला तर पुन्हा पाळतच, असे दोन तट त्यावरही पडले आहेत. मराठी विभागांत तर गाडी त्याआधीच अडते. आपले बरेच संशोधक अजून हाताने लिहितात आणि कागद डीटीपीवाल्याकडे देतात. त्या फाइलचा इतिहास उघडला, तर तीनशे पाने आठवडाभरात, एकही वाक्य न खोडता, भलत्याच माणसाच्या हातून उमटलेली दिसतील. खरी खाडाखोड घरी, फुलस्केप कागदांच्या गठ्ठ्यात पडलेली असते, आणि ती मागून पाहण्याची तरतूद कोणत्याही नियमात नाही.